ओरा आली का?

सरिता खरातला कुणी विचारलं, "टीव्हीवर काय बघता?" तर ती सरळ सांगते, "अंतराळातलं." विचारणारा हसतो. मग तिच्या निळ्या एप्रनकडे बघतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो, जणू पहिल्या उत्तरात काही गडबड झाली असावी. एकोणपन्नास वर्षांची बाई, चितेगावच्या कारखान्यात रबरी सील भिंगाखाली धरून चिरा शोधणारी. तिनं सासू-सुनांच्या मालिका बघाव्यात, संध्याकाळी डोळ्यांना पदर लावावा, असं जगानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. जगाला असल्या उचापती फार. सरितानं जगाला भीक घातली नाही, आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे ते इथूनच सुरू होतं.

टीव्ही तिचा स्वतःचा. कंपनीच्या पहिल्या बोनसमध्ये घेतलेला. नवरा राजकुमार वायरमन, मनानं चांगला, पण टीव्ही घरात आला त्या संध्याकाळी त्यानं रिमोट हातात घेतला तो जन्मसिद्ध हक्कानं. सरितानं तो काढून घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला. "कुणी आणला?" एवढंच विचारलं. राजकुमारनं दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी तोही शेजारी येऊन बसला.

त्याच आठवड्यात चॅनल बदलता बदलता तिला ती मालिका सापडली. 'सितारों के डाकिये'. परदेशी मालिका, हिंदीत डब केलेली. एक खिळखिळं अंतराळयान, त्यात सात माणसं, आणि पोत्यांत भरलेलं टपाल. दर भागात एक नवा ग्रह, एक पत्र, एक भानगड. आणि काही झालं तरी भाग संपायच्या आत पत्र पोचतं. सरिताचे वडील मोतीराम पैठणकडच्या खेड्यांतून सायकलवर टपाल वाटायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवायचे, आणि एक अक्षर इकडचं तिकडं करायचे नाहीत. पडद्यावर पहिलं पोतं उतरताना बघितलं तेव्हा सरिताला आपल्या बापाच्या खाकी पिशवीचा वास आला. त्या दिवसापासून ती त्या यानाची झाली.

कंपनीची बस मुकुंदवाडीहून निघते. क्रांती चौक, रेल्वे स्टेशन, महानुभाव आश्रम, कांचनवाडी, नक्षत्रवाडी, मग चितेगाव. तास-सव्वा तासाचा रस्ता आणि एकवीस बाया. काही झोपायच्या, काही भाजी निवडायच्या, काही सुनांची उणीदुणी काढायच्या. एका दिवशी लक्ष्मीबाईनं, जी बसमध्ये सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची, सरिताला टोकलं. "कशात तंद्री लागली तुझी?" सरितानं आदल्या दिवशीचा भाग सांगितला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईनं स्वतःहून विचारलं, "आज कुठं गेलं तुझं टपाल?"

तेव्हापासून दहा वर्षं झाली, सरिता सांगते आणि बस ऐकते. तिची सांगायची तऱ्हा रस्त्याला धरून आहे. मुकुंदवाडीला यान उडतं, क्रांती चौकात संकट उभं राहतं. महानुभाव आश्रमापाशी गाड्या तुंबल्या की ती मध्येच कप्तानाचं आणि इंजिनवाल्याचं एखादं भांडण घालते, म्हणजे वेळ भरून निघतो. चितेगावचं गेट दिसायच्या आत पत्र ज्याचं त्याच्या हातात पडलेलं असतं. गेटवर मोबाईल जमा करून बाया आत जातात त्या पोट भरल्यासारख्या.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण सगळा गुंता तिच्यातच आहे. मालिका लागायची रात्री आठला. पहिली शिफ्ट असली, सकाळी सहा ते दोनची, की सरिता घरी असायची आणि भाग पुरा बघायची. पण एका आठवड्याआड दुसरी शिफ्ट, दोन ते दहा. त्या आठवड्यात तिला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पुन्हा लागणारा भाग बघावा लागे. तो संपायचा एकला. आणि मुकुंदवाडीच्या स्टॉपवर बस यायची बारा चाळीसला. म्हणजे सरिता अर्धा भाग बघायची, डबा उचलायची आणि पळायची. बसमध्ये एकवीस बाया वाट बघत बसलेल्या. त्यांना काय सांगणार, पुढचं मला ठाऊक नाही म्हणून? तिनं एकदाही तसं सांगितलं नाही. अर्धा भाग मालिकेचा, अर्धा सरिताचा. बसला कधी पत्ता लागला नाही.

त्यातलाच एक भाग, आठ वर्षांपूर्वी लागलेला, बर्फाच्या चंद्रावरचा. यानात ओरा नावाची म्हातारी हमालीण असते, पोती चढवणारी, कुणाच्या फारशा खिजगणतीत नसलेली. बर्फाच्या चंद्रावर टपाल उतरवताना वादळ येतं, सगळे पळत यानात शिरतात, कप्तान दार लावतो, आणि मग मोजल्यावर कळतं की सात नाहीत, सहाच आहेत. ओरा मागं राहिली. कप्तान घड्याळाकडे बघतो. इथवर बघून सरिता बसकडे पळाली होती. पुढचं तिनं क्रांती चौकापासून स्वतः रचलं. कप्तान म्हणतो, बसा, उडायचंय. पाचही जण उभेच राहतात, एकही जण जागेवर बसत नाही. उभ्या माणसांना घेऊन यान उडवता येत नाही. शेवटी कप्तान यान वळवतो. वजन कमी करायला पोती बाहेर फेकतात, जन्मात पहिल्यांदा टपाल टाकून देतात, आणि ओराला घेऊन येतात. त्या दिवशी बस चितेगावच्या गेटात शिरली तरी कुणी उतरलं नाही. पुढं वर्षांवर्षं बाया तोच भाग पुन्हा मागायच्या, सणाला पुरणपोळी मागावी तसा.

लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद होती तेव्हा चॅनलनं सगळी मालिका पहिल्यापासून दाखवली. सरितानं तो भाग पहिल्यांदा पुरा बघितला. खऱ्या भागात यान वळत नाही. कप्तान उडतो. सहा जण काचेपाशी उभे राहून खाली लहान होत जाणाऱ्या ओराला सलाम करतात, मागं फार सुंदर संगीत वाजतं. सरिता टीव्हीसमोर बसून राहिली. तिला आधी बापापुढं लाज वाटली, एक अक्षर इकडचं तिकडं न करणाऱ्या बापापुढं. मग त्या सलामाची चीड आली. कंपनी सुरू झाली, बायांनी पुन्हा तो भाग मागितला, आणि तिनं आपलाच शेवट सांगितला. या वेळी जाणूनबुजून.

तीन वर्षांमागं पहिली शिफ्ट सुटल्यावर बस निघाली ती नक्षत्रवाडीपर्यंत आली. लक्ष्मीबाई मागं वळून काहीतरी मागायला गेली तर चंपाबाईची जागा रिकामी. चंपाबाई म्हणजे मितभाषी बाई, असली काय नि नसली काय, बसला जाणवू नये अशी. लक्ष्मीबाई म्हणाली, "ओरा राहिली की गं मागं."

ड्रायव्हर कडूबा म्हणाला, "आई, गाडी टैमावर सोडायची हाय मला. ती येईल रिक्षानं. फोन लावा."

फोन लागेना. मग लक्ष्मीबाई उठून उभी राहिली. तिच्या शेजारची उभी राहिली. पाच मिनिटांत अख्खी बस उभी होती, दांड्याला धरून, न बोलता. कडूबानं आरशात बघितलं, कपाळावर हात मारला आणि बस वळवली. चंपाबाई कपडे बदलायच्या खोलीत कपाटांच्या मागं पडलेली सापडली. साखर एकदम उतरली होती, आणि खोलीचा दिवा बंद करून सगळे निघून गेले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून बसचा रिवाज पडला. सुटताना माणसं मोजायची आणि मोजून झाली की कडूबा विचारतो, "ओरा आली का?" सगळ्यांनी मिळून "आली" म्हटल्याशिवाय तो गाडीला किल्ली लावत नाही. गेटवरच्या वॉचमनला अजून वाटतं की ओरा नावाची कुणी नवी बाई कामाला लागली आहे.

दोन वर्षांपूर्वी बसमध्ये प्रेरणा आली. चोवीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, क्वालिटीत कामाला, कांचनवाडीला चढायची. तिची मालिका वेगळी, 'तेरहवां द्वार'. यात सगळ्या सहा वर्षांची मिळून एकच गोष्ट. एका दाराच्या पलीकडे काय आहे हे शोधणारी माणसं, दर भागात एक उत्तर आणि तीन नवे प्रश्न, आणि शेवट नेमका अशा जागी की प्रेक्षकानं हात चोळत बसावं. मोबाईलवर पैसे भरून ती बघायची, मागच्या सीटवरच्या तरुण पोरींना दाखवायची. बघता बघता बसचे दोन तट पडले, पुढं डाकवाल्या आणि मागं द्वारवाल्या.

"सहा वर्षं झाली, अजून दार उघडंना तुमचं," लक्ष्मीबाई म्हणायची. "सुतार बोलवा म्हणावं एखादा."

"मावशी, तुमचा डाकिया रोज पत्र टाकतो नि रोज घरी जाऊन झोपतो," प्रेरणा सरिताला म्हणायची. "सगळं रोजच्या रोज मिटलं तर माणसानं विचार कधी करायचा?"

"अन् अर्ध्या ताटावरून रोज उठवलं तर जेवायचं कधी?" सरिता विचारायची.

भांडण असं रंगायचं की कडूबानं एकदा गाडी चुकून बिडकीनकडे पुढं नेली. पण प्रेरणाच होती जिनं एका शुक्रवारी सरिताच्या शेजारी येऊन सांगितलं की शहरात अंतराळ-मालिकांच्या चाहत्यांची मंडळी आहे, रविवारी एका कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांचा मेळावा आहे, आणि त्यात सामना आहे. डाक विरुद्ध द्वार, गोष्ट सांगायची कुणाची रीत भारी. प्रत्येक बाजूनं तीन वक्ते. द्वारकडून ती स्वतः होती. डाकचा एक वक्ता पुण्याला निघून गेला होता.

"मी तुमचं नाव दिलंय," प्रेरणा म्हणाली.

"तू माझ्या इरुद्ध बोलणार, अन् माझं नाव तूच दिलंस?"

"मग कुणाशी बोलू? त्या दोघांशी बोलण्यात मजा नाय मावशी. ते नुसतं पाठ करून येतात."

सरिता हो म्हणाली. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. मात्र घरी गेल्यावर तिनं मनाशी एक पक्कं केलं, काहीही होवो, बर्फाच्या चंद्राचं नाव काढायचं नाही. तिथं सगळे भाग तोंडपाठ असलेली माणसं असणार. एकाला जरी कळलं तरी ते बसपर्यंत पोचणार, आणि बसनं एकदा म्हटलं की सरिता खोटं सांगते, तर दहा वर्षांचं सगळं गेलं. कंपनीत तिला कुणी साहेब ओळखत नव्हता. भिंगाखाली पाच हजार सील तपासले तरी पाच हजार एकावा वाट बघतच असतो. त्या सव्वा तासातच काय ती ती सरिता होती.

रविवारी हॉलमध्ये शंभरेक पोरंपोरी, बहुतेकांच्या काळ्या टी-शर्टवर यानांची-बिनांची चित्रं. सरिता निळ्या काठाची साडी नेसून गेली. मागच्या रांगेत लक्ष्मीबाई, चंपाबाई आणि बसमधल्या आणखी तिघी येऊन बसल्या होत्या, लक्ष्मीबाईच्या मांडीवर डबा. मंडळी चालवणारा अभय, तिशीतला, मालिकांवर व्हिडिओ करणारा. अभय वाईट माणूस नव्हता. फार अदबीनं बोलायचा, आणि माणसाला अदबीनंही बाजूला सारता येतं हे सरिताला कंपनीतल्या साहेबांमुळे चांगलं ठाऊक होतं.

"मावशी, तुम्ही आलात, फार बरं वाटलं," तो म्हणाला. "फक्त आपला एक नियम आहे. वक्त्यांनी मालिका मूळ इंग्रजीत पाहिलेली असावी. डबिंगमध्ये बरंच हरवतं. तुम्ही पुढच्या रांगेत बसा ना, खास पाहुण्या म्हणून."

"माझा बाप पोस्टमन व्हता," सरिता म्हणाली. "वाचता न येणाऱ्याला पत्र वाचून दाखवायचा. मग ते पत्र त्या माणसाचं नव्हतं का? मी पाहुणी नाय. माझं नाव कागदावर हाय, मी वर बसणार." आणि ती जाऊन बसली. व्यासपीठावर चढलेल्या बाईला उतरवायचं कसं याचा नियम अभयकडे नव्हता.

तिची पाळी आली तेव्हा तिनं हातातला कागद घडी करून ठेवून दिला.

"तुमी लोक म्हणता द्वार खोल हाय, डाक उथळ हाय," ती म्हणाली. "म्या सांगते, हे कोण म्हणू शकतं. ज्याला रोज एकाच टायमाला फुरसत मिळते तो. आमची एक हप्ता सकाळची शिफ्ट, एक हप्ता दुपारची. मधले पाच भाग चुकले की द्वारमधी कोण मेलं, कोण जित्तं, काय पत्ता लागत नाय. सहा वर्षं ध्यानात ठिवायची गोष्ट ही निवांत माणसाची गोष्ट हाय. डाक कवाबी बघा, कुठूनबी बघा, त्या दिवसाचं त्या दिवशी देऊन जातं. उद्याचा भरोसा नसलेल्या माणसासाठी कुणीतरी असं लिहिलं. त्याला अक्कल कमी लागते असं समजू नका. एका तासात माणूस उभा करायचा, रडवायचा अन् घरी पोचवायचा, हे सहा वर्षं ताणण्यापेक्षा अवघड हाय."

टाळ्या पडल्या. मागून लक्ष्मीबाईची टाळी सगळ्यांच्या नंतरही चालू राहिली.

प्रेरणा उठली. ती नेहमीसारखी तडतडली नाही. "मावशींचं खरं आहे," ती म्हणाली. "पण माझे वडील कोविडमध्ये गेले. त्या महिन्यात मला एका तासात मिटणारी कुठलीच गोष्ट बघवत नव्हती. सगळं खोटं वाटायचं. द्वारचा भाग अर्ध्यात संपायचा नि मला वाटायचं, उद्या काय होतं ते बघायला तरी उठलं पाहिजे. मी तशीच एकेक दिवस उठत गेले. काही गोष्टी मिटत नाहीत, आणि हे खरं सांगणारी मालिका मला हवी होती."  सरिताला पोरीचा अभिमान वाटला.

अभयनं माइक घेतला. "आता शेवटचा प्रश्न दोन्ही बाजूंना. प्रेरणानं सांगितलं द्वारनं तिच्या आयुष्यात काय केलं. डाकवर नेहमीचा आक्षेप असा की भाग संपला, गोष्ट संपली, विसरलो. डाकच्या एखाद्या भागामुळे कुणाच्या आयुष्यात खरोखर काही बदललं असेल, तर सांगा."

डाकचे बाकीचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण कॅमेऱ्याच्या कोनांबद्दल काहीतरी पुटपुटला. सरितानं मागच्या रांगेत बघितलं. चंपाबाई हात मांडीवर ठेवून बसली होती, जिवंत. सरिताकडे उत्तर एकच होतं आणि ते तिनं न सांगायचं ठरवलेलं होतं. गप्प बसली असती तर बस तिची राहिली असती, पण हा पोरगा म्हणाला असता की बघा, डाकनं काहीच केलं नाही. ते तिच्यानं ऐकवणार नव्हतं.

तिनं सांगितलं. बर्फाचा चंद्र, ओरा, उभी राहिलेली माणसं, वळलेलं यान. मग नक्षत्रवाडी, उभी राहिलेली बस, वळलेली बस, कपाटांमागं पडलेली चंपाबाई.

मध्येच पोरं हसायला लागली होती. तिचं संपल्यावर अभय मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, अनुभव हृदयस्पर्शी आहे. पण त्या भागात असं घडत नाही. यान परत जातच नाही. तो भाग थोर मानला जातो तोच मुळी त्यासाठी. तुमचा काहीतरी गोंधळ झालाय. डबिंगमध्ये हे होतं, मी म्हटलं ना."

पळवाट आयती समोर होती. डबिंगवर ढकलून खाली उतरता आलं असतं, बसमध्येही तेच सांगता आलं असतं. सरिताला ती पळवाट दिसली, आणि नेमकी तिचीच तिला चीड आली.

"गोंधळ बिंधळ कायबी झाला नाय," ती म्हणाली. "डबिंगवाल्यांचा दोष नाय. शेवट म्या केलाय. बारा चाळीसला आमची बस येती, भाग संपतो एकला. अर्धा बघून पळावं लागायचं, मग उरलेला मीच सांगायची. पुढं मला खरा शेवट कळला, तरीबी म्या माझाच सांगितला." तिनं मागच्या रांगेत बघायचं टाळलं. "तुमच्या त्या थोर शेवटात सगळे काचेपाशी उभे राहून सलाम करतात. आमच्यात माणूस मागं ठिऊन सलाम करायची पद्धत नाय. तुमाला गुण कापायचे असतील तर कापा."

गुण कापले. नियमच तसा होता, मालिकेत खरोखर घडलेल्या गोष्टीचाच दाखला धरला जाईल. द्वार जिंकलं. प्रेरणाला ढाल मिळाली आणि ती कुठं ठेवावी हे तिला कळेना. सरिता खाली उतरली तेव्हा मागची रांग रिकामी होती. पाचही जणी निघून गेल्या होत्या. खुर्चीवर लक्ष्मीबाईचा डबा तसाच राहिला होता, न उघडलेला.

तो डबा घेऊन सरिता घरी आली. राजकुमारनं विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "हरले." त्यानं रिमोट तिच्याकडे सरकवला. तिनं टीव्ही लावला नाही. सोमवारी दुपारची शिफ्ट होती. सकाळभर ती विचार करत राहिली की बसमध्ये गेल्यावर ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर बसावं, खिडकीबाहेर बघावं, म्हणजे कुणाला तोंड द्यावं लागणार नाही. स्टॉपवर पोचेपर्यंत तिचा हा विचार मोडला. चोरी केली असती तर तोंड चुकवलं असतं. बारा चाळीसला बस आली, ती चढली आणि आपल्या नेहमीच्या जागेवर, मधोमध, बसली. धुतलेला डबा तिनं लक्ष्मीबाईच्या मांडीवर ठेवला.

क्रांती चौक गेला, स्टेशन गेलं. महानुभाव आश्रमापाशी गाड्या तुंबल्या आणि बसमध्ये नुसता इंजिनाचा आवाज. कांचनवाडीला प्रेरणा चढली, ढाल पिशवीत घालून आणली होती, पण बसमधले चेहरे बघून तिनं ती बाहेर काढली नाही.

शेवटी लक्ष्मीबाईनं तोंड उघडलं. "काल तिथून आमी माझ्या घरी गेलो. नातवाला म्हणलं, लाव तो भाग मोबाईलवर. पाचीजणींनी बसून बघितला, अन् बाकीच्यांना धाडला. समद्यांनी बघितलाय."

लक्ष्मीबाईनं डबा बाजूला ठेवला.

"आठ वर्षं खोटं सांगितलंस आम्हाला."

"व्हय, सांगितलं," सरिता म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "अजून विचारलंस तरी तसंच सांगीन. ऐकायचं नसलं तर झोपा."

मग मागच्या खिडकीशी कुणीतरी घसा खाकरला. चंपाबाई होती. दहा वर्षांत तिनं बसमध्ये आपणहून कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे कडूबानंही आरशात वर बघितलं.

"मीबी बघितला," चंपाबाई म्हणाली. "दोनदा बघितला. त्या लोकांचा शेवट चुकलाय." तिनं पुढच्या सीटचा दांडा धरला. "त्यांना ठाऊकच नाय बाई मागं राहिली की काय करायचं असतं ते. सरिते, तू सांग. पयल्यापासून."

बस नक्षत्रवाडीपाशी आली होती. गेट यायला पंधरा मिनिटं होती आणि भाग तासाभराचा. सरितानं डोळे पुसले, पदर खोचला आणि सुरुवात केली. मागच्या सीटवरून प्रेरणा उठून पुढं आली, दांड्याला धरून उभी राहिली. ते बघून लक्ष्मीबाई उभी राहिली, मग चंपाबाई. चितेगावचं गेट आलं तेव्हा ओरा अजून बर्फातच होती. कडूबानं बस गेटाबाहेर थांबवली, इंजिन बंद केलं आणि सीटवरच वळून बसला.